छपरावरची तार

१९५८ सरता सरता भातकुलीत नत्थुजींच्या छपरावरची रेडिओची तांब्याची तार कोणीतरी कापली. तुटलेली नव्हे, कापलेली. हे काम शेजारच्या किसनरावाचंच, दुसऱ्या कोणाचं नाही. नत्थुजींचा मुलगा देवमन लंडन रेडिओवरून मराठीत बोलायचा. पत्र टाकायचा नाही. आवाज हीच त्याची खुशाली. किसनरावाच्या पोटात तेच दुखत असणार. “इचारतोच त्याले!” म्हणत नत्थुजी तार जोडायला बसले. टोक खरवडायला चुलीजवळचा विळा उचलला, तर धारेला ताजी खाच, खाचेत तांब्याची लाली. “तू? काहून?” बायको मनकर्णा भाकर थापतच राहिली. “तुमी अमरावतीले गेलते, तवा देवमननंच सांगतलं, मराठी कार्यक्रम आता कायमचा बंद. वाटलं, तार तुटली समजून तुमी वाट तरी पायसान.” नत्थुजींनी तार न जोडताच गुंडाळून खिशात घातली. दारात जाऊन ओरडले, “किसनराव, माही तार काहून कापली?”