अर्ध्या खाडीतलं घर

हालवर्ड नेसे नावाचा लेखक कुठेच सापडत नव्हता.

वाचनालयातल्या मारितने नाव उलटसुलट करून पाहिलं. जुन्या याद्या चाळल्या, ऑस्लोच्या मोठ्या ग्रंथालयात फोन लावला. गुन्वोर ओला कोट अंगात तसाच ठेवून समोर उभी होती.

“या नावाचा लेखकच झालेला नाही म्हणतात,” मारित म्हणाली.

“असं कसं? त्याच्या पुस्तकातलं अख्खं पान यात छापलंय.”

यात म्हणजे रग्ना उल्वेस्ताद या बाईंच्या कादंबरीत. गुन्वोरला वाचनाचा नाद असा कधी नव्हताच. सारा जन्म बेटावर गेला. मेंढ्या, जाळी आणि पोरं यांतून डोकं वर काढायला सवड कुणाला होती? यंदाच्या वसंतात मुलांनी फारच लावून धरलं, म्हणून तिने आणि तिच्या नवऱ्याने, स्वेरेने, बेटावरचं घर विकलं आणि किनाऱ्यावरच्या या गावात तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड हलवलं. खोल्या उबदार, लिफ्ट दाराशी, दवाखाना समोर. तक्रार करायला जागा नव्हती. गुन्वोर हळूहळू बोलेनाशी झाली. एका पावसाळी दुपारी वेळ जाईना म्हणून वाचनालयात शिरली आणि हाताला लागलं ते पुस्तक घेऊन आली.

त्या कादंबरीची नायिका क्षयाच्या इस्पितळात पडून असते. तिच्या उशाशी हालवर्ड नेसेचं पुस्तक असतं आणि त्यातलं एक पान ती वाचते. एक विधवा आपलं लाकडी घर उतरवते. ओंडक्याओंडक्यावर खुणा करते, सगळ्यांचा तराफा बांधते आणि तो होडीमागे ओढत खाडीपलीकडे राहायला निघते. खाडीच्या मधोमध वारा उठतो. तेवढ्यात डॉक्टर येतात, नायिका पुस्तक मिटते आणि कादंबरी आपल्या वाटेने निघून जाते.

गुन्वोरने ती संपवली खरी, पण जीव त्या पानातच अडकून राहिला. ते घर पोचलं की नाही?

“या वयात परक्या पुरुषाच्या मागे लागलीस,” पावावर चीज ठेवत स्वेरे म्हणाला. “आणि तोही सापडेना असा.”

“केव्हाच मेला असेल तो.”

“मग तर अवघडच. जिवंत असता तर समोर बसवून दोन शब्द सुनावले असते.”

“तू? तुला साधं लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या त्या माणसाशी भांडता आलं नाही.”

स्वेरे खूश होऊन हसला. बेट सोडल्यापासून ती पहिल्यांदाच उलटून बोलली होती. तिच्याही ते ध्यानात आलं.

शेवटी मारितनेच सुचवलं, की लेखिकेलाच विचारावं. रग्नाबाई ऐंशीच्या पुढच्या, बर्गनमध्ये एकट्या राहतात, नंबर सहज मिळतो. एवढ्या मोठ्या बाईला कशाला त्रास द्यायचा, म्हणून गुन्वोर दोन दिवस नुसती फोनभोवती घुटमळली. मग स्वेरेनेच नंबर फिरवला, फोन तिच्या हातात कोंबला आणि आपण भांडी विसळायला निघून गेला.

“हालवर्ड नेसे?” पलीकडचा घोगरा आवाज हसला. “अहो, त्याला मीच जन्माला घातलं. आजारी बाईच्या हातात काहीतरी द्यायला हवं होतं. लिहिलं ते तेवढंच एक पान.”

गुन्वोर खुर्चीत बसली. “म्हणजे त्या घराचं पुढे काय झालं, ते तुम्हालाही माहीत नाही?”

“खरंच नाही. बुडालं असेल.”

“बुडेल कसं?” गुन्वोरचा आवाज चढला. “जिने घर स्वतः उतरवलं, ती वाऱ्याच्या तोंडावर होडी घालेल का? तिने होडी वळवली. वारा नेईल तिकडे जाऊ दिली.”

“बरं. मग?”

मग गुन्वोर सांगत गेली. वाटेत एक खडक लागला, त्याच्या आडोशाला बाईने रात्र काढली. दोर सुटून उंबऱ्याचं लाकूड तेवढं वाहून गेलं. सकाळी ती पलीकडे पोचली. लोक जमले, घर उभं राहिलं, नवा उंबराही बसला. पण बाई काही आत पाऊल टाकेना. पालथ्या होडीवर बसून राही आणि पाण्याकडे बघत राही. लोकांनी समजावलं, रागावून पाहिलं, मग नाद सोडला. एक दिवस शेजारची म्हातारी आली. तिने बाईकडे पाहिलंही नाही. सरळ घरात गेली, चुलीपाशी ठाण मांडलं आणि आतून ओरडली, “या घरात आल्यागेल्याला कॉफी द्यायची पद्धत आहे की नाही?” आता घरी आलेल्या माणसाला उपाशी कसं ठेवायचं? बाई उठली. आत गेली. किटली कुठे ठेवलीय ते तिला शोधावं लागलं नाही.

गुन्वोर थांबली. यातलं काही तिला मघापर्यंत ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात स्वेरे ओलं फडकं हातात घेऊन उभा होता आणि फडक्यातून पाणी गळत होतं. तिने त्याला हटकलं नाही.

पलीकडे कागद पुढे ओढल्याचा आवाज आला.

“तुमचं पूर्ण नाव सांगता?” रग्नाबाई म्हणाल्या. “मला तुमचं पुस्तक वाचायचंय.”

“माझं कसलं पुस्तक? माझ्या नावावर एक ओळ नाही.”

“नेसेच्या नावावर तरी कुठे काय होतं?” रग्नाबाई म्हणाल्या. “तरी तुम्ही शोधत आलातच ना.”