गच्चीवरच्या चादरी

आमच्या हॉटेलच्या लाँड्रीत ड्रायर सांभाळणाऱ्या मावशी एकदा मला म्हणाल्या, "मॅडम, वर गच्चीत एवढं ऊन फुकट जातंय आणि आपण इथे गॅस जाळून चादरी वाळवतोय. तारा बांधा की! फक्त रंगीत चादरी उलट्या बाजूने घालायच्या, म्हणजे रंग उडत नाही."

मी नुसती मान डोलावली आणि पुढच्याच मीटिंगमध्ये ते सगळं माझ्या नावाने मांडलं. वर्षभरात पाचही ड्रायर बंद झाले आणि उद्योगांत हवामान बदलावर पुढाकार घेणाऱ्या महिलांचा पुरस्कार मला मिळाला.

स्टेजवर निवेदिकेने विचारलं, "ही कल्पना सुचली कशी?"

तोंडातून निघून गेलं, "आईमुळे. ती रंगीत चादरी नेहमी उलट्या बाजूने वाळत घालायची."

टाळ्या थांबेनात. खरं तर आमच्या घरचे कपडे कायम बाहेर धुवायला जायचे.

खाली येऊन खुर्चीत बसते तोच फोनवर मावशींचा मेसेज आला. त्यांनी कार्यक्रम फोनवर थेट पाहिला असणार. आता चांगली खरडपट्टी निघणार, म्हणून घाबरतच उघडला.

"मॅडम, छान बोललात. ड्रायर बंद झाले म्हणून मला घरी बसवलं, त्या पत्रावर सही तुमची होती, म्हणून तुम्हालाच विचारते. गच्चीत चादरी वाळत घालायला बाई हवी आहे का? अगदी तुमच्या आईंसारख्या घालीन."