आठवी पाटी

रविवारी सकाळी हार्लन टिडवेलने अंगणातल्या हिरवळीतून सातवी पाटी उपटली आणि न वाचताच काखेत मारली.

मिलबर्न गावाची ही जुनी खोड. कॉलेजची अमेरिकन फुटबॉलची टीम हरायला लागली की गावकरी कोचच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशा पाट्या ठोकतात. म्हणजे बाबा रे, गाशा गुंडाळ. तोंडावर कोणी बोलणार नाही. चर्चमध्ये भेटले तर हात मिळवतील, गुडघ्याची चौकशी करतील. पाटी मात्र सामना हरल्याच्या दुसऱ्या दिवशी, न चुकता. आणि काल तर टीमने एकेचाळीस-तीन असा सपाटून मार खाल्ला होता, तोही घरच्या मैदानावर.

त्याची बायको व्हर्लीन व्हरांड्यात आपल्या झुलत्या खुर्चीत कॉफी घेऊन बसली होती.

"कितवी?"

"सातवी."

"पहिली आली तेव्हा शब्दन्‌शब्द वाचून थयथयाट केला होतास. आता बघतही नाहीस."

"बघायचं काय त्यात? यांची अक्कल मला पाठ आहे." त्याने पाटी गॅरेजात आधीच्या सहांवर आदळली. "अकरा वर्षांपूर्वी याच लोकांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. अख्ख्या देशात पहिले आलो होतो आपण!"

"आठवतंय. त्या संध्याकाळी तू मला म्हणालास, आता बस झालं. समुद्राकाठी जाऊन राहू."

"जाऊ की! आणखी एक सीझन."

व्हर्लीनने कॉफीचा घोट घेतला. हे 'आणखी एक' ती अकरा वर्षं ऐकत आली होती. हार्लनचं ते ब्रीदच. टोपी असो, चेंडू असो, फोटो असो, सही करताना तो आधी 'आणखी एक!' लिहायचा आणि मग नाव. दर गुरुवारी व्हर्लीन चर्चच्या मदतनिधीसाठी वस्तूंचा ढीग आणून ठेवायची आणि हा पडद्यावर पुढच्या प्रतिस्पर्धी टीमचे खेळ बघता बघता, मानही न वळवता सह्या ठोकत सुटायचा. या गुरुवारी टोप्या कमी आणि कागदच जास्त होते. बरंच झालं, कागदावर पेन भरभर चालतं.

"आज दोन वाजता ड्यूईने बोलावलंय," तो म्हणाला. "काढणार मला."

ड्यूई रस्क म्हणजे कॉलेजच्या खेळ विभागाचा प्रमुख, वीस वर्षांपूर्वीचा हार्लनचाच खेळाडू. बाप गेला तेव्हा दोन वर्षं याच घरात जेवला होता.

"घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते काही खोटं नाही." हार्लनने गॅरेजचं दार आदळलं. "पोटच्या पोरासारखं केलं गं त्याचं! आणि तोच गळा कापणार."

"आणि नाही कापला तर?"

"तर काय! आणखी एक सीझन."

"बरं," ती म्हणाली. "कळलं."

"सगळेच काही उलटलेले नाहीत म्हणा. बुधवारी ते चर्चमधलं नवं जोडपं आलं होतं, किती आपुलकी त्यांना!"

आपुलकी तर होतीच. हार्लनने त्यांना ट्रॉफ्यांची खोली दाखवली, चेंडूवर सही दिली. नवऱ्याने भिंती ठोकून पाहिल्या, छप्पर गळतं का विचारलं. बायको स्वयंपाकघरातली कपाटं उघडून बघत होती. एवढा मोठा कोच राहतो कसा, याचं लोकांना कुतूहल असायचंच.

दोन वाजता ड्यूईने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा, कोच."

"उभ्यानेच ऐकतो. सुरी चालवायचीच आहे तर झटक्यात चालव."

"काय बोलता, कोच!" ड्यूईचे डोळे जागरणाने लाल झाले होते. "विश्वस्त चार इकडे, चार तिकडे. शेवटी माझ्यावर आलं. मी सांगून टाकलं, ज्याने मला जेवू घातलं त्याला मी काढणार नाही. उद्या माझी खुर्ची गेली तरी चालेल. आणखी एक वर्ष आहे तुम्हाला."

हार्लन त्या ओढलेल्या खुर्चीत बसला. सकाळपासून या पोराला काय काय शिव्या घातल्या होत्या! त्याची त्यालाच लाज वाटली आणि तो चक्क रडला.

"पण आधी व्हर्लीनकाकूंना विचारा," ड्यूई हळूच म्हणाला. "मागे भेटल्या तेव्हा फार थकलेल्या वाटल्या."

"तिला काय विचारायचं? तीस वर्षांत तिने कधी साथ सोडली आहे का?"

वाटेत बेकरीतून त्याने तिच्या आवडीचा रताळ्याचा केक घेतला.

अंगणात आठवी पाटी उभी होती. भरदिवसा! हार्लनला रागाऐवजी हसूच आलं.

"व्हर्लीन! अगं, राहिलो मी!" तो गाडीतूनच ओरडला. "पोरगा उपकाराला जागला बरं का!"

एका हातात केकचा डबा धरून त्याने दुसऱ्या हाताने पाटी ओढली. निघेना. डबा गवतावर ठेवून दोन्ही हातांनी हिसका दिला. ढिम्म नाही. लोखंडी खांब चांगला खोल गाडलेला होता. तेव्हा कुठे त्याने मान वर करून पाटी वाचली. छापील अक्षरं, घरांच्या दलालाचं नाव, फोन नंबर आणि वरून तिरकी चिकटवलेली लाल पट्टी: 'विकले गेले'.

व्हरांड्यात झुलती खुर्ची नव्हती. व्हर्लीनची गाडीही नव्हती. पायरीवर तिचा कॉफीचा कप होता आणि त्याखाली दाबून ठेवलेला कागद. घरविक्रीचा करार. बुधवारच्या त्या जोडप्याची नावं, गुरुवारची तारीख, व्हर्लीनची नीटनेटकी सही. आणि तिच्याखाली, त्याच्याच घाईच्या अक्षरात: 'आणखी एक! — कोच हार्लन टिडवेल.'