मोकळीक

“बाकावर बसलात की हसायचं. गुण येईपर्यंत हसायचं, आल्यावरही हसायचं. रडायला घरी उशी आहे.”

प्रशिक्षक देल्फीना बाईंनी हे सांगितलं तेव्हा नेविया नऊ वर्षांची होती. आता ती सतराची झाली होती, आणि त्याच बाई तिच्या आणि रुज्जेरोच्या मधोमध, बर्फाच्या कडेला मांडलेल्या पांढऱ्या बाकावर बसल्या होत्या. समोर कॅमेरा होता आणि त्यावरचा लाल दिवा पेटलेला होता. बर्फावरच्या स्केटिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेत सगळ्यांत शेवटी उतरलेली जोडी नेविया आणि रुज्जेरोचीच. दोघंही धापा टाकत होती आणि हसत होती.

“शेवटच्या वेळी उचललंस तेव्हा मला लवकर खाली ठेवलंस,” नेविया ओठ न हलवता म्हणाली.

“हो.”

“हात थरथरला?”

“मनगट गेलं. अजून एक गिरकी डोक्यावर धरली असती, तर तू बर्फावर आपटली असतीस.”

“आपटले असते तर आपटले असते.”

“गप्प बसा दोघंही,” बाई दात दाखवत म्हणाल्या. “आणि तू जरा माणसासारखा हस रे. दाताच्या डॉक्टरपुढे आ करून बसल्यासारखा दिसतोयस. तिकडे तुझी आई बघत असेल.”

वर्षभरात नेविया सात सेंटिमीटर वाढली होती. तिच्या आईने पोशाखाला दोनदा पट्टी जोडली. कॉफीने वाढ खुंटते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ती दिवसाला चार कप कडू कॉफी पिऊ लागली. झोप उडाली, उंची काही थांबली नाही. मग चाळीस दिवस, सरावाआधी, तिने चर्चमध्ये संत सांता लुचियाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली. एकही दिवस चुकवला नाही, तापातसुद्धा नाही. पदक मागितलं नाही. माझी उंची आता पुरे कर, एवढंच मागितलं. आपलं मागणं पोचलं नसेल, असं तिला अजूनही वाटत नव्हतं.

रुज्जेरोला बुडापेस्टहून एका मुलीचा जोडीदार म्हणून बोलावणं आलं होतं. ती त्याच्या काखेत मावेल एवढी होती. दुसऱ्या देशाकडून खेळायचं तर आपल्या महासंघाची लेखी मोकळीक लागते, आणि जोडीदारणीने सही केल्याशिवाय महासंघाच्या फुल्वियाबाई त्या कागदावर शिक्का मारणार नव्हत्या. मुदत आज संध्याकाळी सहाची. रुज्जेरोने तोंडाने कधी मागितलं नाही. नेवियाच पंधरा दिवसांपूर्वी, मेणबत्ती लावून बाहेर पडताना, त्याला म्हणाली, “तिसरे आलो तर तू राहायचंस. चौथे आलो तर मी सही देते. चर्चच्या पायरीवर उभी राहून सांगतेय.”

तो गेल्यावर ती कुणाबरोबर खेळणार, हे दोघांनीही बोलून दाखवलं नाही. एवढ्या उंच मुलीला डोक्यावर धरेल असा मोकळा मुलगा आल्प्सपासून सिसिलीपर्यंत नव्हता. बाईंनी फोन करून करून पाहिलं होतं. एकटीने खेळायचं म्हटलं तर त्यासाठी लागणाऱ्या उड्या तिला कधीच जमल्या नव्हत्या.

तिसऱ्या क्रमांकावरची जोडी एकशे अठ्ठेचाळीस गुणांवर थांबली होती.

फलकावर आकडे उमटले. एकशे सत्तेचाळीस पूर्णांक सहा. त्याखाली चौथा क्रमांक.

बाईंचा हात नेवियाच्या गुडघ्यावर आला. “हस,” त्या म्हणाल्या, पण या वेळी त्यांच्या आवाजात नेहमीचा दरारा नव्हता. नेविया हसली. कॅमेऱ्याकडे पाहून तिने हात हलवला. थोड्या वेळाने लाल दिवा विझला.

“ऐक,” रुज्जेरो पुढे वाकून म्हणाला. “ते पायरीवरचं सोडून दे. मी राहतो. अजून एक वर्ष काढू. तू काही बोललीच नव्हतीस, मी काही ऐकलंच नव्हतं.”

“आणि बुडापेस्ट?”

“तिला मिळेल कुणीतरी.”

“तुला जायचंय ना पण?”

तो टॉवेलने मान पुसत राहिला. मान केव्हाच कोरडी झाली होती.

नेवियाने त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि बाही मागे सारली. मनगट टरारून सुजलं होतं. आजची सूज नव्हती ती. कडेला हिरवट पिवळे डाग पडले होते.

“बाई, हे बघा.”

“पाहिलंय,” बाई बर्फाकडे बघत म्हणाल्या. “महिना झाला. तुला सांगायचं नाही, असं बजावलं होतं त्याने मला.”

नेवियाने त्याची बाही हळूच पुन्हा खाली ओढली.

“अजून एक वर्ष म्हणे,” ती म्हणाली. “नाताळच्या जेवणात चमचा तरी धरता येणार आहे का तुला?”

“आई भरवेल.”

“भरवेल आणि वर मला शिव्या घालेल.”

तो हसला. या वेळी कुणी हस म्हणालं नव्हतं. मग त्याचा चेहरा वाकडातिकडा झाला आणि त्याने तो टॉवेलमध्ये लपवला.

नेवियाने बुटांच्या पात्यांवर रबरी म्यानं चढवली आणि ती उठली.

“कुठे निघालीस?” बाईंनी विचारलं. “बूट तरी काढ. अंगात काहीतरी घाल.”

“फुल्वियाबाई सहाला वरच्या कचेरीतून निघतात.”

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग स्वतःचा कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला. कोट आखूड पडला.

वर्षभर ती खांदे पाडून, गुडघ्यांत जराशी वाकून चालत आली होती. आता तिला कुणी उचलायचं नव्हतं. काळ्या चटईवरून ती ताठ चालत जिन्याकडे गेली.