मागे गाठ नव्हती

वणव्यात जळून गेलेली टेकडी ती फ्रेमवर ताणलेल्या कापडावर भरत होती, तीही फक्त काळ्या आणि राखाडी दोऱ्यांनी. हिरव्या लडी तिने रागारागाने घराबाहेर काढल्या होत्या. टेकडीवरची झाडं बाबांनी लावलेली. वणव्यानंतर त्यांनी टेकडीकडच्या खिडकीकडे जी पाठ केली ती केलीच.

एका सकाळी कापडावरच्या काळ्या खोडाला हिरवा धुमारा फुटलेला दिसला.

"वहिनी, हे तुझं काम का गं?"

"मला सुईत दोरा ओवता येत नाही, धुमारा कुठला काढतेय मी?"

टाके उसवायला तिने कापड उलटं केलं. मागे गाठ नव्हती, दोऱ्याचं टोकही नव्हतं. तरी तिने कात्रीने तो धुमारा खरवडून काढला. बोटाला ओल लागली.

दुसऱ्या दिवशी तिथेच दोन धुमारे होते.

या वेळी तिने कात्री बाजूला ठेवली आणि बाबांना हाक मारली. चष्मा पुसून त्यांनी कापड बराच वेळ न्याहाळलं. मग आपली खुर्ची खिडकीकडे फिरवली.

"फ्रेमही जरा उन्हात घे," ते म्हणाले.

तिने फ्रेमला हात घातला. दोन्ही धुमारे आधीच उन्हाकडे वळले होते.