शेवाळातली वाट

किनारा दिसायच्या आधी त्याचा वास आला. कुजक्या अंड्यांचा. टॅक्सीत मॉरीनने नाकाला रुमाल लावला आणि नवऱ्याकडे पाहिलं. डेरिक पिशवी मांडीवर घट्ट धरून असा बसला होता, जणू त्याला वास आलाच नाही.

वाळू कुठे दिसतच नव्हती. समुद्राने फेकलेल्या तपकिरी शेवाळाचा गुडघाभर उंच बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत पडला होता, आणि पुढे पंधरा-वीस हात पाण्यावरही त्याचाच थर तरंगत होता. त्याच्या पलीकडे समुद्र निळाशार.

"या आठवड्यात बेटावर जाल तिथं हेच आहे," टॅक्सीवाला म्हणाला. "बंदरावरच सांगितलं होतं तुम्हाला. बरं, साडेतीनला न्यायला येतो. चारनंतर तुमची सहलीची बोट कुणासाठी थांबत नाही."

"परत जाऊ या त्याच्याबरोबर," मॉरीन म्हणाली. "बंदरात दुकानं तरी आहेत."

"दुकानं आपल्या बार्न्स्लीतही आहेत," डेरिक म्हणाला आणि खाली उतरला.

तो एकोणसत्तर वर्षांचा होता. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. दर सुट्टीत मॉरीन पोहायची, लांबवर जायची, आणि तो काठावर तिचे कपडे राखत बसायचा. या हिवाळ्यात तो नगरपालिकेच्या तलावावर सात-सात वर्षांच्या पोरांबरोबर पोहायला शिकला. आजोबा फार पाणी उडवतात म्हणून पोरांनी त्याला रांगेत शेवटी उभं केलं, तर तो शेवटी उभा राहिला. समुद्रात उतरायचा दिवस मात्र त्याने आजचा ठरवला होता.

एक माणूस दाताळ्याने शेवाळ ओढून ढकलगाडीत भरत होता. अल्फोन्स त्याचं नाव. मागची खानावळ त्याचीच. चार दिवस गिऱ्हाईक फिरकलं नाही म्हणून मालक स्वतःच किनाऱ्यावर उतरला होता.

"आणखी एक दाताळं आहे?" डेरिकने विचारलं.

अल्फोन्सने त्याचे पांढरेफटक पाय पाहिले, नव्या चपला पाहिल्या. "आजोबा, सुट्टीवर आलात ना? मग मजा करा की."

"मला पाण्यात उतरायचंय."

"उद्या वारा फिरेल कदाचित."

"उद्या मी इथे नाही."

"मग पुढच्या बेटावर उतरा."

"पुढं बेट नाही. दोन दिवस बोट, मग विमान, मग घर."

अल्फोन्सने आपलं दाताळं ढकलगाडीला टेकवलं. मग खानावळीच्या मागे जाऊन तीन दाताळी घेऊन आला. दोन लागली तर असावीत म्हणून माडाला टेकवून ठेवली, एक डेरिकला दिलं. "माणूसभर रुंदीची वाट काढू. त्याहून जास्त मागू नका."

वरचं शेवाळ सुकून हलकं झालं होतं. खालचं काळं, ओलं, शिशासारखं जड. डेरिकने कोळशाच्या खाणीत तीस वर्षं फावडं चालवलं होतं. हातांना ताल लगेच सापडला, दम मात्र पुरेना. दहा वेळा ओढायचं, थांबायचं, पुन्हा दहा. शर्ट पाठीला चिकटला. तळहाताला फोड आला, फुटला.

मॉरीन बाकावर पाठमोरी बसली होती. मध्येच वळून ओरडली, "तुझं काही बरंवाईट झालं तर मी एकटी तुला बोटीवर कशी नेऊ?"

"या ढकलगाडीतून ने."

अल्फोन्स खो खो हसला. "मावशी, ने-आण फुकट!"

मॉरीन हसली नाही.

अडीचला वाट पाण्याला भिडली. मग दोघं कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तरंगतं शेवाळ दोन्ही बाजूंना लोटत गेले, आणि अखेर निळं पाणी लागलं. डेरिक धापा टाकत परत आला. शर्ट काढून बाकावर ठेवला.

"चल, मॉरीन."

"त्या घाणीत? मी नाही येत."

"तुझ्यासाठी शिकलोय मी."

"मी सांगितलं होतं शिकायला?" ती म्हणाली. पण ते बोलताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

तो वाटेने चालत गेला. आधी गुडघे बुडाले, मग पोट, मग छाती. तलावात पाणी गप्प असायचं. इथे त्याने पाय उचलायच्या आतच पाण्याने त्याला उचललं. पहिल्या लाटेने नाकातोंडात मीठ भरलं. तो खोकला, पुन्हा आडवा झाला. हात पुढे, बाजूला, मागे. तळाला पाय लागत नव्हते. पण हात थांबले नाहीत. अकरा हात मारले त्याने. बारावा मारून तो वळला, आणि किनाऱ्याकडे येताना पुन्हा पाय टेकले तेव्हा त्याला हसू फुटलं.

समोर पाहिलं तर वाट नव्हती. भरतीने दोन्हीकडचं शेवाळ आत ढकललं होतं. घाम गाळून केलेली फट पाण्यावर पार बुजली होती.

अल्फोन्स काठावर हताश होऊन बसला. "मी म्हणालो नव्हतो, आजोबा? ते असंच परत येतं."

"एक दाताळं फेक इकडे!" डेरिक पाण्यातून ओरडला. "मी आतून सुरू करतो!"

अल्फोन्सने आपलं दाताळं पाण्यावर भिरकावलं. ते डेरिकच्या हाताशी आलं. त्याने पहिला ढीग बाजूला लोटला, दुसरा लोटला. मान वर केली तर मॉरीन माडापाशी होती. तिने सँडल काढले, झगा कमरेला खोचला आणि टेकवलेल्यांतलं एक दाताळं उचललं.

"अर्धा तास आहे फक्त!" तो म्हणाला.

"मग बोलत काय बसलास?" ती शेवाळात शिरत म्हणाली. "तू तिकडून ये, मी इकडून येते."