तयार झालेल्या पोरी

सकाळी सात वाजता भिंगरीने शेवटची फेरी संपवली आणि संघाचा जुना विक्रम मोडला. प्रशिक्षक बाईंनी हातातलं घड्याळ दोनदा पाहिलं. मग मैदानाकडे पाठ फिरवली. आपल्या डोळ्यांत पाणी आलेलं पोरींना दिसावं, हे त्यांना खपत नसे.

उद्या अंतिम शर्यत. पण दुपारच्या आत संघाची नवी डॉक्टर पाच जणींचे हाडांचे अहवाल घेऊन बाईंच्या खोलीत आली.

"पाचही जणी म्हणतात, पाळी बंद आहे. तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत काय, मीच विचारते," बाई ताठ मानेने म्हणाल्या. "पाळी थांबली की पोर तयार झाली. माझ्या गुरूंनी मला असंच पारखलं. जिची थांबली नाही, तिला मी अंतिम शर्यतीत उभीच करत नाही."

"ही तयारी नाही, आजार आहे. पळणं उदंड आणि जेवण चिमणीचं. शरीराला पुरत नाही, मग ते पाळी बंद करतं. हाडंही ठिसूळ होतात. चौघींची तर म्हातारीसारखी झालीत. उपचार होईपर्यंत पाळी बंद असलेली एकही मुलगी पळणार नाही."

बाईंचा हात नकळत स्वतःच्या नडगीवर गेला. विशीत ती दोनदा मोडली होती, पळता पळता. नशीबच फुटकं, म्हणून त्यांनी तो विषय तेव्हाच मिटवला होता.

मग त्या एकदम सरसावल्या. "चौघींची म्हणालात. पाचवीचं काय?"

"भिंगरीची हाडं ठणठणीत आहेत. तेच मला उलगडत नाही."

"त्यात उलगडायचंय काय? वर्ष झालं तिची थांबून! तरी हाड लोखंडाचं, वर आज विक्रम. हातच्या कांकणाला आरसा कशाला? ठेवा तुमची पुस्तकं गुंडाळून." त्यांनी दारातूनच हाक मारली, "भिंगरे, इकडे ये!"

भिंगरी आली ती तोंडातला घास गिळतच.

"ही बघा," बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सांग गं यांना, माझ्या हाताखाली तयार झालेली पोर कशी असते ते."

"पण तुझी पाळी बंद असेल, तर उद्या तूही पळणार नाहीस," डॉक्टर म्हणाली.

भिंगरीने आधी डॉक्टरकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बाई, रागावू नका. तुम्ही मला घ्यावं म्हणून मी थाप मारली. मी चोरून पोटभर जेवते." तिने हनुवटी वर केली. "माझी पाळी कधी थांबलीच नाही. आज पळाले तेव्हाही चालूच होती."